अर्ध्या वाटेचं तिकीट

२ मार्च, शनिवार

बुटके,

तिकीट मिळालं. तू मामाच्या फोनवर पाठवलंस, त्याने ते छापून आणलं आणि बक्षीस दिल्यासारखं माझ्या हातात ठेवलं. वर म्हणाला, "ताई, पोरीने तुझ्यासाठी केवढं केलंय बघ." मी बघितलं. चष्मा लावून नीट बघितलं. मी येत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी मध्येच बोलते, मग तुझी मीटिंग सुरू होते आणि भांडण अर्धवट राहतं. अर्धवट भांडणावर मला जेवण जात नाही. म्हणून हा कागद. शेवटपर्यंत वाच आणि मग काय आदळआपट करायची ती कर.

हे तिकीट नुसतं जायचं आहे. यायचं कुठे आहे? मामाला विचारलं तर म्हणाला, "ते नंतर बघता येईल." तीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय. ज्याला रिव्हर्स येत नाही त्याला मी गल्लीत गाडी घालू देत नाही, आणि मी स्वतः जाऊन बसू?

आणि माझ्या नावापुढे व्हीलचेअर कोणी लिहिली? मला आधी वाटलं छपाईची चूक. मामा म्हणाला, सगळेच आपल्या आईबापांसाठी लिहितात, पाय धड असले तरी. विमानतळ अवाढव्य असतात, भाषा येत नाही, वाट सापडत नाही. खुर्ची मागितली की ढकलणारा माणूस बरोबर विमानाच्या दारात नेऊन सोडतो. म्हणजे चांगल्या धडधाकट बायका पर्स मांडीवर घेऊन रांगेने ढकलल्या जातात, आणि तिकडे त्यांची लेकरं म्हणतात, आई किती आरामात आली! बुटके, मी रोज पाच शिकाऊ लोकांच्या शेजारच्या सीटवर बसते. त्यातला कोण कधी माझा जीव घेईल याचा नेम नाही. त्या मला तू खुर्चीत घालणार? वाट विचारायला मला तोंड आहे, आणि ते कसं आहे हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

आता गेटचं. मामाने कळवलंच असणार, कारण गेट नेमकं त्याच्याच इमारतीचं निघालं. त्याला अपघात म्हणत नाहीत. माझ्या पाच शिकाऊंतली बेकरीवाली चालवत होती, ती घाबरली, ब्रेकच्या ऐवजी भलतंच दाबून बसली आणि गाडी गेटला टेकली. एक दिवा फुटला, बस. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, मग माझा पाय कुठे होता असं मामा चारचौघांत विचारतो. तो तेव्हा बाल्कनीत दात घासत होता, त्याला गाडीच्या आतलं काय दिसणार? माझा पाय कुठे होता ते मीही बघितलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बेकरीवालीने त्याच गेटसमोरून गाडी काढली, झोकात, हॉर्न वाजवत. ते नाही कळवलं त्याने.

राहिलं तुझं ते वाक्य. "आई, तुझं आता तिथे आहे काय?" बाबा गेल्यावर काही उरलंच नाही, असं म्हणायचंय ना तुला? ऐक मग. पाच शिकाऊ आहेत आणि दोघी कधी नंबर लागतो म्हणून विचारत असतात. क्लच जड झालेली गाडी आहे, जी माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याशी माझं गेल्या निवडणुकीपासून भांडण आहे, ते अजून मिटलेलं नाही. आणि एक दार आहे, त्याची किल्ली माझ्याकडे आहे. तुझ्याकडे मला खोली मिळेल, उन्हाची खिडकी मिळेल, सगळं मिळेल. किल्ली मात्र तुझी असेल.

तुझी,
आई (इथेच)


५ मार्च, मंगळवार

बुटके,

तिकीट फाडून टाकणार होते. त्याआधी एकदा वाचलं आणि बरं झालं वाचलं.

निघायची वेळ, १४ मे, सकाळी नऊ. पोचायची वेळ, १४ मे, रात्री नऊ. तारीख तीच. म्हणजे झाले बारा तास, मध्ये थांबून विमान बदलण्यासकट. आणि तू मला आजवर बावीस सांगत आलीस.

आता जूनमधला तो सोमवार आठव. मी तर विसरतच नाही. सकाळी बाबा गेले. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून तुला फोन लावला. तुझ्याकडे मध्यरात्र होती, तू झोपेतच उचललास. मी म्हटलं, ये. तू म्हणालीस, "आई, मी पहिल्या विमानाने निघाले तरी बुधवार उजाडेल. माझ्यासाठी थांबू नका."

तुला एक गोष्ट माहीत नाही. फोन करायच्या आधीच मी डॉक्टरांना सांगून आले होते, मुलगी येतेय, तोवर त्यांना इथेच ठेवा. ते हो म्हणाले होते. तुझा फोन ठेवल्यावर मी तोच जिना पुन्हा चढले आणि सांगितलं, नको. ती येत नाहीये. आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवत बसलेला माणूस, अर्धं गाव त्याच्या दातांनी हसतं, आणि त्याला पोचवायला त्याची एकुलती एक पोर नाही. लोक विचारत होते. मी सांगत होते, लांब आहे हो, फार लांब आहे. मी तुझी बाजू घेत होते!

आणि आता हा कागद म्हणतो, बारा तास. तू सोमवारी निघाली असतीस तर मंगळवारी इथे असतीस.

एकच रस्ता, बुटके. तुला यायचं असलं की तो दोन दिवसांचा, आणि मला बोलवायचं असलं की "झोपून उठलीस की पोचलीस, आई." जाणाऱ्याचं तोंड बघून लांबतो आणि आखडतो, असला रस्ता मी तीस वर्षांत बघितला नाही. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, आईने काय खावं, काय सोडावं, गाडी कधी विकावी. आधी इथे खाली उतर.

पत्र आत्ताच्या आत्ता पेटीत टाकून येते. राग उतरला तर मी टाकायची नाही.

आई


८ मार्च, शुक्रवार

बुटके,

मागचं पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी पेटीच्या फटीत हात घालून बघितला, मनगटाच्या पुढे जात नाही. तेव्हा ते तुला पोचेल आणि मग हे पोचेल. याच क्रमाने वाच.

झालं असं की मी तिकीट रद्द करायला बाजारातल्या तिकीटवाल्याकडे गेले. तरुण आहे, टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवतो, लोकांच्या मुलांना फिरवायला. मी कागद त्याच्यापुढे आपटला आणि म्हटलं, "बारा तासांचे बावीस करून सांगतात लोक. तुम्ही अडवत का नाही?"

त्याने कागद बघितला, मग मला बघितलं.

"मावशी, किती किलोमीटर आहे माहितीये?"

"साडेतेरा हजार. मामाने सांगितलंय."

"आणि बारा तासांत, ते पण मध्ये चार तास थांबून? हे विमान आहे का तोफेचा गोळा?"

तो हसला नाही, हे त्याचं नशीब. त्याने गोल जवळ ओढला. म्हणाला, तिकिटावर निघायची वेळ असते ती निघायच्या गावची आणि पोचायची ती पोचायच्या गावची. तिकडचं घड्याळ आपल्या दहा तास मागे आहे. जाताना तुम्ही सूर्याच्या मागे मागे जाता, म्हणून दिवस लांबतो आणि तारीख तीच राहते. खरे तास बावीसच. येताना सूर्य उलटा अंगावर येतो. सोमवारी रात्री निघालेला माणूस बुधवारी पहाटेच उतरणार, कितीही आपटलं तरी.

म्हणजे बुधवार खरा होता.

मी, जी शिकाऊंना पहिल्या दिवशी सांगते की पाटीवरचा आकडा वाचायच्या आधी पाटी कुठली आहे ते वाचा, तीच एक गाव धरून दुसऱ्या गावचं घड्याळ वाचत बसले. ठीक आहे. चुकले. मागच्या पत्रातले बारा तास मी परत घेते. बाकीचं एक अक्षर परत घेत नाही.

कारण बुधवार खरा होता तर बुधवारी यायचं होतंस. मी ठेवलं असतं त्यांना. आणि नाही जमलं बुधवारी, तर पुढच्या बुधवारी. जून गेला, पावसाळा गेला, थंडी गेली. दर आठवड्याला एक बुधवार येतो, बुटके, तिकडेही येत असेल. तू आली नाहीस. तू तिकीट पाठवलंस.

तिकीटवाल्याने अजून एक सांगितलं. येताना तासभर कमी लागतो, कारण वर जोराचा वारा असतो आणि तो आपल्या बाजूला वाहतो. घ्या! वारासुद्धा घराकडेच ढकलतोय, आणि तुला निघवत नाही.

मग मी त्याला विचारलं, हे मध्ये थांबतं ते कुठे? त्याने गोलावर बोट ठेवलं. इथून साडेसात तास, तुझ्याकडून दहा. अगदी मधोमध नाही, पण माणसांच्या हिशेबाने मधलंच.

मी म्हटलं, "मग तिथपर्यंतचं द्या. आणि तिथूनच परत."

"मावशी, अर्ध्या वाटेचं तिकीट कोणी काढत नाही. बाहेर पडायला परवाना लागतो, तुम्हाला आतच बसावं लागेल. करणार काय तिथे?"

"बसणार."

"आणि?"

"बघणार, कोण येतंय."

तुझी,
आई


६ एप्रिल, शनिवार

बुटके,

तू चार दिवस बोलली नाहीस, तेव्हाच मला कळलं की मागची दोन्ही पत्रं पोचली. मग मामाला फोन केलास. तो धावत आला, धापा टाकत, बटणं वरखाली लावलेली.

"ताई, हा हट्ट सोड. विमानतळ ही काय भेटायची जागा आहे?"

"मग कुठली आहे?"

"तिचं घर. नाहीतर तुझं घर."

"तिथेच तर घोडं अडलंय," मी म्हटलं. "ती माझ्या घरी येत नाही, मी तिच्या घरी कायमची जात नाही. मग मधे काय उरतं? मधलंच उरतं."

तो डोक्याला हात लावून बसला. माझा भाऊ चांगला आहे, फक्त जो शेवटचा बोलतो त्याच्या बाजूचा असतो. जाताना म्हणाला, "बरं, निदान व्हीलचेअर तरी घे." मी त्याला दार दाखवलं.

तुझा निरोप वाचला. "आई, हा वेडेपणा आहे. माझं ऑफिस आहे. चार तासांसाठी कोणी दहा तास उडत येतं का?" त्याखाली चिडलेलं तोंड काढलंस. ते तोंड हुबेहूब तुझ्यासारखं आहे.

वेडेपणा आहे, मान्य. पण नीट विचार कर. मी तुला घरी बोलवत नाही. बाबांच्या खोलीत उभं राहायला सांगत नाही. लोकांसमोर आणत नाही. मी फक्त एवढं म्हणतेय की निम्मं अंतर माझं. उरलेलं मी चालणार नाही, एक पाऊलही नाही. तू पाठवलेलं तिकीट बदलून घेतलंय, दोन्ही बाजूंचं झालंय आणि त्यावर खुर्ची नाही. १४ मेच्या दुपारी मी तिथे असेन आणि तिथल्या संध्याकाळी माझं विमान परत फिरेल. तुझ्याकडून निघालेलं विमान तिथे दुपारी साडेतीनला उतरतं, तिकीटवाल्याने बघून दिलंय. तुला माझ्यापेक्षा अडीच तास जास्त पडतील. वय तुझं कमी आहे.

आलीस तर आलीस. नाही आलीस तर मी बसेन, बघेन आणि परत येईन, आणि मग मला कळेल की अंतर किलोमीटरचं नव्हतंच. तेवढं कळलं तरी मला पुढे जगता येईल. आत्ता ते कळत नाही म्हणून रोज सकाळी तुझी बाजू घेते आणि रोज संध्याकाळी सोडते. शिकाऊंना वाटतं बाईंचं काहीतरी बिनसलंय. बेकरीवाली तर रोज पाव आणून देते.

रुसले नाहीये मी. रुसायला समोर माणूस लागतं.

आई


१४ मे, मंगळवार, मधल्या विमानतळावर

बुटके,

आले. स्वतःच्या पायांनी आले, गाडीही स्वतः चालवत आपल्याकडच्या विमानतळावर लावून आले.

इथे उतरले तेव्हा दारातच खुर्च्यांची रांग होती. ढकलणारा माणूस माझ्याकडे बघून खुर्ची पुढे करू लागला. मी हाताने नाही म्हटलं. तो पुन्हा करू लागला. मग मी असं बघितलं, जसं मी सिग्नल तोडणाऱ्याकडे बघते, आणि तो मागे सरला. त्या खुर्च्यांतली एक बाई माझ्याच वयाची होती. जाता जाता हळूच म्हणाली, "माझेही पाय चांगलेत हो. लेकाने लिहिलंय." मी म्हटलं, उठा मग. ती म्हणाली, "लेकाला वाईट वाटेल." आणि ढकलली गेली. मी तिच्यावर हसणार होते, पण हसू आलं नाही.

वाट विचारत विचारत आले. तोंडाने, हातांनी, एकदा कागदावर विमान काढून. इथे रस्ताच सरकतो, माणूस नुसता उभा. त्यावर पाय ठेवताना जरा थांबले, मागून सगळे खोळंबले. मग शिकाऊंना सांगते तेच स्वतःला सांगितलं, खाली बघू नका, पुढे बघा. जमलं. पुढे पुढे मला तो आवडायला लागला. दोनदा उगाच जाऊन आले.

आता मोठ्या काचेसमोर बसलेय. घाबरलेले नाही. पाणी तेवढं बरंच प्यायले.

समोर फळ्यावर तुझ्या गावाचं नाव आहे. त्यापुढे तीन वाजेपर्यंत काही नव्हतं, आता "उतरलं" असं आलंय. माणसं बाहेर येतायत. मी उभी राहणार नव्हते. मी ठरवलं होतं की बसून राहायचं, पेपर वाचल्यासारखं करायचं, आणि तू आलीस तर "अरे, तू?" असं म्हणायचं. पण पेपर इथल्या भाषेतला आहे आणि मी कधीची उभीच आहे. हे उभ्यानेच लिहितेय, भिंतीला कागद लावून, म्हणून अक्षर असं.

पहिले बरेचसे कोट घातलेले पुरुष आले. मग एक बाई बाळ घेऊन. मग शाळेची ट्रिप असावी, सगळ्यांच्या टोप्या एकसारख्या. आता दारातून कोणी येत नाहीये. साफसफाईवाले आत चाललेत.

बरं. कळलं.

थांब.


१५ मे, बुधवार, पहाटे, विमानात

बुटके,

तू मागे चोविसाव्या रांगेत झोपली आहेस आणि मी अकराव्यात बसून तुला पत्र लिहितेय. शेजारचा माणूस बघतोय, बघू दे. जागा बदलून द्यायला तो तयार होता, मीच नको म्हटलं. तू दोन रात्री झोपली नाहीस असं तुझं तोंड सांगत होतं, आणि शेजारी बसले असते तर मी बोलत राहिले असते.

सगळ्यांच्या शेवटी आलीस तू. मला वाटलं होतं धावत येशील. तू चालत आलीस, पावलं मोजत आल्यासारखी, आणि माझ्यापासून हातभर लांब थांबलीस. माझ्यापेक्षा एवढी उंच, आणि पाचवीतलं प्रगतिपुस्तक हातात असावं तशी उभी. मी म्हटलं, "जेवलीस का?" मला स्वतःचाच राग आला. अकरा महिने हे आणि ते बोलायचं ठरवलं होतं आणि तोंडातून निघालं ते हे.

मग तू ते सांगितलंस. पुन्हा लिहून काढते, कारण मला ते नीट समजून घ्यायचंय आणि लिहिल्याशिवाय मला समजत नाही.

तू म्हणालीस, "आई, त्या सोमवारी मी विमानतळावर गेले होते. तिकीट काढलं होतं. बॅग दिली होती. नाव पुकारलं तरी उठले नाही."

मी म्हटलं, "का?"

"दर वेळी मी उतरले की काचेपलीकडे तुम्ही दोघं असायचात. बाबा हात हलवायचे आणि तू त्यांना म्हणायचीस, असा हलवू नका, लोक बघतात. मला वाटलं, या वेळी काचेपलीकडे तू एकटी असशील. मी गेले नाही तर ते होणारच नाही. तिथे, लांब असलं की काही बदललेलं दिसत नाही, आई. तिथून मला अजूनही तुम्ही दोघंच आहात. बाबा टेबलावर वाकलेत, तू आतून काहीतरी ओरडतेयस. मी ते मोडायला येणार होते?"

"आणि मला का बोलवत होतीस? माझी काळजी?"

तू रडत होतीस पण खोटं बोलली नाहीस. म्हणालीस, "काळजी होतीच. पण तू इकडे आलीस की मला त्या घरात पाऊल ठेवायलाच लागलं नसतं."

मला एवढा राग आला, बुटके, की मी दोन खुर्च्या सोडून जाऊन बसले. माझं घर, माझी गाडीची शाळा, माझी माणसं, सगळं बंद करायचं, का, तर तुला एक दार उघडायला नको! बोलले मी तसं. तू ऐकून घेतलंस. एकदाही मध्ये बोलली नाहीस, हे पहिल्यांदाच.

तू माझं पुढचं तिकीटही फोनवर शोधून ठेवलं होतंस. "आता अर्धी आलीच आहेस तर चल ना." मी नाही म्हटलं. तुला वाईट वाटलं, मला दिसलं, तरी नाही म्हटलं. मी तुला "ये" असंही म्हटलं नाही. जूनमध्ये एकदा म्हटलं होतं, तेवढं पुरे. माझ्या विमानाचं नाव पुकारलं तशी मी उठले, पिशवी उचलली आणि दाराकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते, आणि थांबायचं नव्हतं मला.

रांगेत उभी होते तेव्हा बाजूला बघते तर तू तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीशी बोलत होतीस. अंगावरच्या कपड्यांनिशी, हातात एक पर्स. ती विचारत होती, सामान? तू म्हणालीस, नाही. ती म्हणाली, परतीचं? तू माझ्याकडे बघितलंस. मी दुसरीकडे बघितलं. ते तुझं तू ठरव.

आता खरं ते सांगते, म्हणजे दारात धक्का नको बसायला.

तुझ्या डोळ्यांसमोर जे घर आहे ते आता नाही. त्यांचं टेबल नाही. साचे नाहीत, ब्रश नाहीत, ती पांढरी धूळ नाही. मी पहिल्याच आठवड्यात सगळं आवरलं. मामा ओरडत होता, राहू दे, राहू दे. पण रोज त्या दारातून आत जाणारी मी होते, तो नव्हता. टेबल कवळ्या करायला शिकणाऱ्या एका मुलीला दिलं, ती त्यावर काम करते. खोली रिकामी आहे. पलंगही हलवला. भिंतीवर जिथे त्यांचं डोकं टेकायचं तिथे एक तेलकट डाग आहे, तो मी दोनदा पुसला, जात नाही. तेवढाच उरलाय. तू मला यासाठी माफ करणार नसशील तर नको करू. मीही तुला पूर्ण केलेलं नाही.

उजाडताना उतरू. काचेपलीकडे कोणी नसेल, कारण मी तुझ्याबरोबर आहे. ते तू बघणार आहेस आणि त्याला इलाज नाही. तिथून गाडी मी चालवेन, तुला झोप आलेली असेल. घराखाली पोचलो की किल्ली तुझ्या हातात देईन. वर तू एकटी जा. मी गाडीत बसून राहीन, मामा आला तर त्यालाही वर सोडणार नाही. तुला लागेल तेवढा वेळ घे, दुपार झाली तरी चालेल, आजच्या शिकाऊंना मी सुट्टी दिलीय.

कारण माझ्यासाठी ते जूनमध्ये गेले. रडून झालं माझं, भांडून झालं, आवरून झालं. तुझ्यासाठी ते आज सकाळी जाणार आहेत, आणि त्या वेळी मध्ये कोणी नसावं, मीसुद्धा.

हाक मारलीस की मात्र मी जिने चढून वर येईन.

आई